काळ्या कापडाखाली

"आधी बाहेर व्हा. काचेवर मला काही दिसत नाही."

"तुला दिसून काय करायचंय? तू नाक-कान मोजणार. धुकं दिसतंय का ते सांग."

काळ्या कापडाखाली तारा आणि पुंडलिकची डोकी एकमेकांवर आपटली. कॅमेऱ्याच्या तीन लाकडी पायांमागे माणसांचे चार पाय एकमेकांना ढकलत होते. कापड घडीत डावीकडे फुगायचं, घडीत उजवीकडे. समोर काळी नदीच्या काठावर, उसन्या आणलेल्या खुर्चीत, गावचा मुख्य लखू गावकर मिशीला लोणी लावून बसला होता. त्याच्यामागे बायको फुला आणि सगळा गाव उभा होता. याआधी कुणी कॅमेरा पाहिला नव्हता. फोटो असाच निघतो, अशी सगळ्यांची समजूत झाली.

गावकराला फोटो हवा होता तो दराऱ्यासाठी. सुपे गावच्या सरकारी बंगल्यात जंगल खात्याच्या गोऱ्या साहेबाची तसबीर होती. साहेब विलायतेला गेला तरी माणसं तिच्यासमोर मान खाली घालून बोलत. लखू गावकर गावात नसला की त्याचं कुणी ऐकत नसे, आणि असला तरी फारसं ऐकत नसे. तसबीर लागली की ऐकतील, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने बेळगावहून हे फोटोवालं जोडपं बोलावलं होतं.

पुंडलिकने कुठल्याशा विलायती मासिकात धुकट, स्वप्नातल्यासारखी चित्रं पाहिली होती. तेव्हापासून माणसाचं तोंड स्पष्ट दिसलं की त्याला ते ओंगळ वाटे. एका वकिलाचा फोटो त्याने असा कलात्मक काढला, की वकिलीणबाईंनी तो 'हा ढग आमचा नाही' म्हणून परत पाठवला. ताराचं उलटं. फोटो धुण्याची औषधं कालवणं, काचा धुणं, सगळं ती शिकलेली, आणि तिच्या फोटोत धोतराच्या काठाचा धागा न् धागा दिसे. फक्त माणसं नुकतीच वारल्यासारखी दिसत. गिऱ्हाइकं दोघांवर रुसत आणि दोघं एकमेकांवर. हा एवढा फोटो झाला की खानापूरला भावाकडे कायमचं जायचं, असं ताराने मनाशी पक्कं केलं होतं.

"ऊन वर येऊ द्या," ती कापडाखालून म्हणाली. "मिशीचा केस न् केस आला पाहिजे."

"मिशी कुणालाही असते. हा माणूस धुक्यातून उगवतोय असं वाटलं पाहिजे."

"उगवायला तो काय भोपळा आहे?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. गावकर हलला नाही. हलू नका, असं त्याला बजावून ठेवलं होतं.

"भोपळे तुझ्या माहेरी."

"माहेराचं नाव काढू नका. मी तिकडेच निघालेय. कायमची."

कापड एकदम स्थिर झालं. मग आतून पुंडलिकचा बारीक आवाज आला. "मग औषधं कोण कालवणार?"

"तुमचं धुकं कालवेल."

फुलाला राहवलं नाही. ती कापडाजवळ वाकून अगदी समजुतीने म्हणाली, "बाय, जाताना आमच्या ह्यास्नीबी घिऊन जावा."

सगळा काठ खदखदला. तारा तणतणत बाहेर आली. अंबाडा सुटलेला, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. तिला पाहून गावकराची मिशी थरथरली, आणि मग त्याचा बांधच फुटला. तो खुर्चीत मागे रेलून हसू लागला. ताराने फोटोची काच खाचेत घातली, समोरची फळी ओढली आणि भिंगाचं टोपण काढलं. एकदाचं आटपू दे, एवढंच तिच्या मनात होतं. पुंडलिक कापडात गुरफटून "थांब, थांब" म्हणत होता. तोवर टोपण परत बसलंसुद्धा.

गोठ्यात घोंगड्या टांगून अंधार केला होता. लाल कंदिलाच्या उजेडात दोघांनी काच धुतली. भांडणात सकाळ बरीच पुढे सरकली होती. काचेवर उमटलं ते असं: नदीवर धुकं राहिलं होतं आणि खुर्चीपाशी ऊन आलं होतं. त्या उन्हात लखू गावकर तोंड भरून हसत होता, आणि मागे फुलाने पदर तोंडावर दाबला होता.

"धुकं आलंय," पुंडलिक हळूच म्हणाला.

"मिशीपण आलीय," तारा म्हणाली.

कागदावर उमटवलेला फोटो बघून गावकर मात्र खवळला. "ह्येला बघून कोण भ्याल? दुसरा काढा. त्वांड मिटल्याला."

दुसऱ्या दिवशी दोघं शरमेने एकमेकांशी फार सभ्य वागली. "तुम्ही म्हणाल तसं." "नाही, तू म्हणशील तसं." कापडाखाली एका वेळी एकच डोकं गेलं. त्या फोटोत धुकंही आलं आणि मिशीचा केस न् केसही. नाव ठेवायला जागा नव्हती. गावकर खूश झाला.

फुलाने दोन्ही फोटो जवळ धरून पाहिले. "ह्यो भायेर लावा, माणसं भ्यातील," ती दुसरा फोटो नवऱ्याकडे देत म्हणाली. हसरा तिने पदराखाली घेतला. "ह्यो माजा हाय."

परतीच्या वाटेवर खानापूरची घरं दिसू लागली तसं पुंडलिकने गाडीवानाला बैल सावकाश घ्यायला सांगितलं.

"गाडी इथं थांबवायची ना?" त्याने विचारलं. "तू म्हणशील तसं."

"बेळगावला चला," तारा म्हणाली. "आणि 'तू म्हणशील तसं' पुन्हा म्हणालात, तर मात्र खरंच उतरेन."