ज्यानं निवडली त्यानं न्यायची

गाडीखाली पोतं अंथरून नवनाथ उताणा पडला होता आणि चासीवरच्या एका जोडावरून त्याची नजर हलत नव्हती. काळ्या रंगानं झाकलेला, बोटभर जाडीचा, शेवटाला जरासा वर वळलेला जोड. वेल्डिंग असं वर वळवून संपवायची खोड अख्ख्या पाथर्डी फाट्यावर एकाच मेकॅनिकला होती, आणि तो आत्ता याच गाडीखाली पडला होता.

महिन्यापूर्वी इथं हातभर तडा होता. "चासीच बदलावी लागेल, शेठ," असं तो म्हणालाही होता. "तू वेल्डिंग मार आणि वरून काळं फास. कुणाच्या तरी शेतावर पडून राहणार आहे ती," मल्हारीशेठ म्हणाले. जुन्या गाड्यांचं हे यार्ड शेठचं, आणि यार्डातली नवनाथच्या गॅरेजची शेडही शेठचीच. त्यानं वेल्डिंग मारलं, काळं फासलं.

"कशी हाय भाऊ?" बाहेरून हिरामणनं विचारलं.

हिरामण पेठच्या पलीकडचा. त्याची जुनी जीप नवनाथनंच दहा वर्षं ओढूनताणून चालती ठेवली होती. पाड्यावर जायला मध्ये नदी, पूल नाही, दगडगोट्यांतून चारी चाकांनी ओढणारीच गाडी हवी. आजारी माणूस, अडलेली बाई, सगळ्यांना हिरामणच घेऊन निघायचा. आता ती थकली म्हणून दुसरी घ्यायला तो सकाळी सरळ नवनाथकडे आला, शेठनं ही गाडी पुढे केली आणि वर म्हणाले, "तुमचाच मेकॅनिक बघेल की." भल्या माणसाला यात काही वावगं वाटलं नाही.

नवनाथनं सगळं नीट बघितलंही होतं. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले; गाडी पुरात बुडालेली असती तर तिथं गाळ सापडला असता, त्याचा मागमूस नव्हता. फोर बाय फोरचा दांडा लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. इंजिन तर विचारूच नका. नडत होता तो एवढा एक जोड. भरलेल्या गाडीत, पाड्याच्या वाटेवरच्या सावळघाटाच्या वळणांवर तो किती टिकेल? कदाचित महिना, कदाचित आजचा दिवसही नाही.

पुढच्या चाकाशेजारी मल्हारीशेठच्या पांढऱ्या चपला दिसत होत्या. त्यातली एक हळूहळू जमिनीवर आपटत होती.

नवनाथ बाहेर आला. हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले.

"चांगली आहे," तो म्हणाला. जीभ कशी उचलली, त्याचं त्यालाच ठाऊक.

"तुमी हो म्हनलात, सपलं," हिरामण म्हणाला. त्याच्या बायकोनं, कमळाबाईनं, पिशवीतून कुंकू काढून बॉनेटला लावलं. लेक तृप्तीला सातवा महिना, ती कंबर धरून मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. मग हिरामणनं चावी नवनाथच्या हातात दिली.

"मला कशाला, दादा? तुम्ही चालवा."

"आमच्यात बैल ज्यानं निवडला, त्यानंच कासरा धरून दारापर्यंत आनायचा. गाडी काय न् बैल काय. जीप हितं ठिवतो, रातच्याला मुक्काम आमच्याकडं."

"तुमच्यासाठी नागलीच्या भाकरी सांगून आले हाये सुनंला," कमळाबाई म्हणाली.

"गॅरेज उघडं आहे हो. गिऱ्हाइकं येतील."

"जा रे," मल्हारीशेठ हसून म्हणाले. "एक दिवस मी बघतो गॅरेज. सोडून ये यांना घाटापार."

नवनाथनं शेठकडे बघितलं. शेठ खरंच हसत होते. या माणसाला सगळं माहीत आहे आणि तरी तो मला बसवतोय, एवढं त्याला लख्ख कळलं. पण नाही कसं म्हणणार? म्हणालाच, तर का ते सांगावं लागणार.

तो बसला. दारं लागली. मेली गाडी एका झटक्यात सुरू झाली. समोर फाटक उघडंच होतं.

"मामा, घाटात जरा हळू घ्या हां," मागून तृप्ती म्हणाली. "मला वळणावर कसंतरी होतं."

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. नवनाथनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग खाली उतरून मघाचं पोतं उचलून आणलं आणि गाडीखाली अंथरलं.

"ताई, तुम्ही दोघी खाली उतरा," तो म्हणाला. "दादा, तुम्ही या. माझ्याशेजारी आडवे व्हा."

हिरामणला काही उमगेना, पण तो आडवा झाला. नवनाथनं पान्याच्या टोकानं काळा रंग खरवडला आणि त्याचं बोट धरून जोडावर ठेवलं. बोट जोडावरून सरकत गेलं, शेवटच्या वळणावर थांबलं.

"तडा व्हता?"

"हो. हातभर."

"ह्ये कुनी केलं?"

"मीच."

हिरामणनं बोट काढून घेतलं.

"मघाच सांगायचं व्हतं," हिरामण म्हणाला.

गाडीखालून नवनाथला पांढऱ्या चपला दिसल्या. त्या वळल्या आणि यार्ड ओलांडून गॅरेजच्या शेडकडे निघाल्या. थोड्या वेळानं खडखडत एक शटर खाली आलं. आवाजावरून ते कुठलं, हे दोघांनाही कळलं.

हिरामण कोपरावर उठून तिकडे बघत राहिला.

"तुमची हत्यारं आतच राह्यली ना, भाऊ?" त्यानं विचारलं.