पाइकसाठी मिस्सा

आजची मिस्सा लेनर्ड पाइक यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून, मिंगेल आणि जुडिथ यांच्यातर्फे, असं फादरनी वाचलं आणि जुडिथ चक्रावली. चक्रावणार नाही तर काय करणार? मिंगेलने मिस्सा सांगितल्याचं तिला ठाऊक नव्हतं आणि हा पाइक कोण, तेही. तिने नवऱ्याला कोपर मारलं. मिंगेल मान खाली घालून बसला होता, हलला नाही.

मिस्सा संपल्यावर वसईहून इथे ऑस्ट्रेलियात आलेली फ्लाविया आंटी सगळ्यांत आधी आली. जुडिथचे हात धरून रडली, संध्याकाळी जेवण पाठवते म्हणाली, कळवलं का नाहीस म्हणून रागावलीही. जुडिथ नुसती मान हलवत राहिली. कोण गेलं हेच माहीत नसेल तर माणसाने तोंड तरी किती पाडायचं?

आंटी वळताच तिने मिंगेलला चहाच्या टेबलामागे ओढलं.

"कोण आहे हा?"

"आपल्या बँडचा गिटारवाला."

आपल्या म्हणजे इंग्लंडच्या! मिंगेल रोज लावतो तो पत्रे बडवल्यासारखा आवाज, ज्यावरून घरात इतकी वर्षं भांडणं होत आलीत. गाणारा दोनदा भांडून गेला, ड्रमवाले किती आले नि गेले, बँड मोडला, परत जुळला. पाइक तेवढा पहिल्यापासून जागचा हलला नाही. हे सगळं मिंगेल तिला घाईघाईने सांगत सुटला. पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्समधला पन्नाशीचा इंजिनिअर, आणि बाहीने नाक पुसत होता. जुडिथला आधी राग आला, मग हसू, मग काय येतंय तेच कळेना. तो ख्रिस्ती तरी होता का, असंही तिने विचारून घेतलं.

"माहीत नाही," मिंगेल म्हणाला. "पण माणूस गेल्यावर मला दुसरं काही करता येत नाही."

तेवढ्यात आंटी आणखी चौघींना घेऊन परत आली. खरं सांगितलं तर दुपारपर्यंत वॉलॉंगॉंगभर मिंगेलचं हसं झालं असतं. खोटं बोलायचं तर ते चर्चच्या आवारात.

"तुझ्या सासरचे ना गं?" आंटीने विचारलं.

मिंगेल स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"सासरचेच," जुडिथ म्हणाली. "मी लग्न होऊन आले, तेव्हा हे आधीच घरात होते."