रोजची गोळी

छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं तशी हर्षाने आईला आसगावहून आपल्याकडे भंडाऱ्याला आणलं. कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी हार्मोन दाबणारी गोळी लावून दिली होती. पाच वर्षं, रोज एक, एकही दिवस खंड नको. त्या गोळीने सत्यभामाबाईंची हाडं ठणकायची, बोटं आखडायची. आई कंटाळून गोळी सोडेल, या एकाच धसक्याने हर्षा तान्ह्या लेकीला, खुशबूला, कडेवर घेऊन, अर्धवट झोपेतच रोज गोळ्यांचं पाकीट तपासायची. पाकिटातली गोळी रोज बरोबर कमी झालेली असायची.

एका सकाळी ती जरा लवकर स्वयंपाकघरात गेली, तर आई अडकित्त्याने गोळीचे दोन तुकडे करत बसलेली.

"आई! अर्धीच घेऊन राहिली का तू? काहून असं?" हर्षाने तिच्या हातून अडकित्ता काढून घेतला. "एवढा त्रास होते त मले सांगायचं होतं. असा जीव कायले धोक्यात घालतं?"

"त्रासाले कोन भेते वं? भेली असती त इतके दिवस कायले काढले असते मंग मी?"

"मंग बाकीची अर्धी फेकतं?"

सत्यभामाबाईंनी गॅस बारीक केला.

"फेकीन कायले? मायले झाला का पोरीलेही होऊ शकते, डॉक्टरच म्हने ना... तुह्या चहात टाकतो रोज."