आक्काताईंच्या घरचा चहा

निवडणूक जवळ आली, तसे मंत्री आप्पासाहेब बौद्धवस्तीत आक्काताईंच्या घरी चहाला आले. साताऱ्याचे कॅमेरेवाले आधीच चुलीपाशी जागा धरून उभे होते. आप्पासाहेबांनी कप ओठांपर्यंत नेला, फोटो होईतोवर तिथंच धरला, "वा, आक्काताई, फक्कड," म्हणाले आणि कप खाली ठेवून पुढच्या गावाला गेले.

"आत्या, मंत्री आपल्या घरात च्या प्यालं," सून स्वप्ना हरखून म्हणाली. "आता गावातली मानसं बी येतील."

आक्काताईंनी कप उचलून तिच्यापुढं धरला. काठोकाठ भरलेला होता. वर साय धरली होती.

"तुज्या सासऱ्यानं गावच्या हाटेलात माठातलं पानी घेतलं, म्हनून त्येला मारलं. तवा ह्यो मारनाऱ्यांचा वकील हुता. कोर्टात म्हनला, 'जज्जसाहेब, शिवाशिव हायेच कुठं? माजी मानसं तर रोज ह्यांच्या घरी च्या पित्यात.' समदी सुटली."

"खरंच पीत हुती?"

"आजवर एकानं उंबरा वलांडला न्हाई."

आक्काताईंनी दारात जाऊन कप गटारीत रिकामा केला. साय कपाला चिकटून राहिली, ती त्यांनी बोटानं निपटून काढली.

"त्या दिशी कोर्टात त्येनं अख्ख्या गावाला ह्या घरचा च्या पाजला. आज सवताच्या नरड्याखाली एक घोट उतरला न्हाई."