गुलाबी दार

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला गुलाबी रंग मैनाबाईनं नव्या संडासाच्या दाराला फासला, तेव्हा सारं गाव हसलं. पदरमोड करून बांधलेल्या त्या संडासाचं सरकारी अनुदान मात्र आलंच नाही. दोन वर्षं खेटे घातल्यावर तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज केला: अनुदान मिळालं तरी कोणाला? ग्रामसेवकानं चाळीस रंगीत फोटो पुढ्यात टाकले. प्रत्येकात संडासापुढे उभा लाभार्थी, चेहऱ्यावर काळी शाई. "तोंडं कावून झाकली?" "ओळख गुप्त ठेवा लागते, काकू." मैनाबाई एकेक फोटो उलटत गेली. माणसं निरनिराळी, दार सगळीकडे एकच, गुलाबी. "हे तं माह्यं दार हाये!" ती कडाडली. "मंग माह्यं अनुदान कुठी गेलं?" "शेवटचा कागद पाहा," ग्रामसेवक म्हणाला. तो तिचाच अनुदानाचा अर्ज होता. खाली शेरा: नामंजूर. प्रत्यक्ष पाहणीत संडास आढळला नाही.