डिक्कीतला दगड

काच फुटल्याचं कळलं त्या दिवशी वरूडमध्ये मेअखेरचा नवतपा तापला होता. उद्धवराव जेवून संत्र्यांच्या पॅकिंग शेडवर परत आले, तर राखणदार पुंजाजी त्यांच्या विजेवर चालणाऱ्या महागड्या गाडीमागे उभा होता. मागची काच अख्खी गेली होती. डिक्कीत तुरटीच्या खड्यांसारखे काचेचे तुकडे पसरले होते आणि त्यांच्या मधोमध लहान संत्र्याएवढा एक दगड होता.

“कोणाचं तरी काम हाय, भाऊ,” पुंजाजी म्हणाला. “पाहा ना, पुरावा बी ठेवून गेला.”

उद्धवराव डिक्कीत वाकले. काच उन्हानं फुटली असेल नाहीतर आणखी कशानं. दगड मात्र पहिल्यापासून डिक्कीतच होता, आणि हे त्यांना कोणाला सांगता येत नव्हतं.

तो त्यांच्या बायकोचा, गोदावरीबाईंचा जीवखडा होता. त्या पौषात गेल्या. मुलगा नव्हता, म्हणून मुलीनं, अबोलीनं आईला अग्नी दिला. चितेपाशी मडक्याला ज्या दगडानं भोक पाडतात, तो दहा दिवस घरात जपायचा, त्याच्यावर रोज पाणी घालायचं आणि दहाव्याला नदीत सोडायचा. तोवर गेलेलं माणूस त्या दगडात असतं म्हणतात. उद्धवरावांचा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. पण दहाव्याच्या सकाळी अबोली आंघोळीला गेली, तेव्हा त्यांनी ताम्हणातला दगड उचलून खिशात घातला आणि त्याच्या जागी अंगणातला तसाच एक ठेवला. नदीत तो गेला. जीवखडा घरात ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी तो डिक्कीत ठेवला. गाडी म्हणजे काही घर नव्हे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

तेव्हापासून गोदावरीबाई गाडीत होत्या. गतिरोधक आला की उद्धवराव गाडी अगदी हळू काढत. येता-जाता संत्र्याचा भाव सांगत. गाडीला आवाज नसल्यामुळे बोलणं सोपं पडायचं. सेमाडोहचं जंगल पाहायचं राहिलं, असं त्या दवाखान्यात म्हणाल्या होत्या, म्हणून एका रविवारी त्यांना सेमाडोहलाही नेऊन आणलं. वाघ दिसला नाही.

घरी मात्र सगळं कलंडलं होतं. व्हरांड्यातली मनी प्लांटची कुंडीसुद्धा. ती पौषापासून एका अंगाला झुकून उभी होती. उद्धवराव येता-जाता तिच्याकडे बघत आणि पुढे जात.

संध्याकाळपर्यंत गावानं संशयित काढले. एक शेजारचा व्यापारी होता, दुसरा सरपंचकीला पडलेला चुलतभाऊ. पुंजाजी दगड घेऊन पोलीस ठाण्यात जायला निघाला होता. उद्धवरावांनी त्याच्या हातातून दगड काढून घेतला आणि पुसून परत डिक्कीत ठेवला.

त्या गाडीची काच अमरावतीत मिळत नव्हती. मुंबईहून येईपर्यंत मृग लागला. मागे प्लास्टिक बांधून उद्धवराव अमरावतीला निघाले. अबोली पुण्याहून आली होती, तीही सोबत गेली. वाटेत दोघं फक्त पावसाबद्दल बोलले. आईचा विषय पौषापासून दोघांमध्ये निघत नव्हता.

काच बसवणारा देवानंद आधी डिक्की साफ करायला वाकला. सांदीकोपऱ्यातले तुकडे त्यानं मशीननं ओढून घेतले. मग त्याच्या हाताला दगड लागला.

“काकाजी, फोडणाऱ्याले बी संगं फिरवून राहिले काय?” असं म्हणून त्यानं तो काचेच्या भंगाराच्या ड्रममध्ये टाकला.

उद्धवराव खुर्चीवरून उठले. ड्रमपाशी गेले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला.

“अहो काकाजी, हात कापन.”

हात कापला. दगड सापडला. त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

अबोली जवळ आली. “बाबा, काय आहे ते?”

“तुही माय हाय,” उद्धवराव म्हणाले.

मग तिथेच उभ्यानं त्यांनी सगळं सांगितलं. ताम्हण, अंगणातला दगड, डिक्की, सेमाडोह. अबोलीनं तिचा रुमाल त्यांच्या हाताला बांधला आणि दगड घेतला. उलटा करून पाहिला. त्याच्या एका बाजूला तांबड्या मातीची वाकडी रेघ होती.

“बाबा, हा कुंडीखालचा आहे.”

“कोन्त्या कुंडीखालचा?”

“मनी प्लांटच्या. टेकण होता तो. मीच ताम्हणात ठेवला होता, दुसऱ्याच दिवशी.”

तिनं पर्स उघडली. आत आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला दुसरा दगड होता. “ही माझ्याजवळ आहे,” ती म्हणाली. “ऑफिसला येते रोज.”

उद्धवरावांनी एका दगडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

“म्हंजे सेमाडोहले मी कुंडीचा दगड नेला?”

“डिक्कीत?”

“नाई. त्या दिवशी पुढच्या सीटवर बसवलं होतं. पट्टा लावून.”

अबोलीनं तोंडावर हात धरला. ती हसत होती की रडत होती, ते देवानंदला कळलं नाही. त्यानं नवी काच उचलली.

“काकाजी, काच बसवू ना?”

“बसव,” उद्धवराव म्हणाले.

काच बसली. घरी आल्यावर उद्धवरावांनी कुंडीखाली तिचा दगड सरकवला आणि कुंडी सरळ झाली. पावसाळ्यात जंगल बंद असतं, त्यामुळे गोदावरीबाईंचं सेमाडोह राहिलं आहे. नदी त्याच्यानंतर.