जागल्याची माफी

सोनगीरच्या फाट्यावर युवराजने मोटरसायकल थांबवली आणि मागे न बघता विचारलं, "नाना, येताय ना? की मी एकटाच जाऊन येऊ?"

"येतो," अभिमन नाना म्हणाले.

बापलेक धुळ्याहून आले होते. तिथल्या देवपूर भागात सत्तावीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसावर म्हातारपणी कुणाच्या दारात हात जोडायची वेळ यावी, याने नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. समोरून ओळखीची एसटी गेली तरी त्यांनी तोंड फिरवलं.

सगळ्याचं मूळ एक ब्लॉग. 'जागल्या' त्याचं नाव. लिहिणारा नाव सांगत नसे, पण तो कोणत्या पक्षाचा हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. विधानसभेची निवडणूक लागल्यापासून तो रोज समोरच्या उमेदवाराचे, म्हणजे सोनगीरच्या रुक्माबाईंचे, वाभाडे काढत होता. मागच्या आठवड्यात तर त्याने कळस केला. सासऱ्याच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवशी सूनबाई दोंडाईच्यात गळ्यात हार घालून मिरवत होत्या, असं लिहिलं. सोबत दोन फोटो. एक मिरवणुकीचा, दुसरा शोकपत्रिकेचा, तारखेसकट.

दोन दिवसांत तो मजकूर मोबाइलवरून गावोगाव पोचला. सुतक फिटायच्या आत गुलाल उधळणारी बाई, म्हणून बायका रुक्माबाईंना बघून दारं लावून घ्यायला लागल्या. मतदान पाच दिवसांवर आलं होतं.

खरं एवढंच होतं की रिवाजाच्या तारखेची पत्रिका छापून गेल्यावर घरच्यांनी गंधमुक्ती पाचव्याच दिवशी उरकली होती. मिरवणूक निघाली त्यानंतर आठ दिवसांनी. सोनगीरात हे कुणीही सांगितलं असतं. 'जागल्या'ने कुणाला विचारलंच नव्हतं.

तो सापडला पत्रिकेमुळेच. मयताची पत्रिका कुणी घरात ठेवत नाही, वाचली की फाडून टाकायची. फोटोतली पत्रिका मात्र धडधाकट होती आणि तिच्या कोपऱ्यात शाईने लिहिलेलं 'अभिमन' अर्धवट दिसत होतं. रुक्माबाईंच्या सासऱ्यांची आणि नानांची जुनी ओळख, म्हणून ती आली होती. नाना द्वारदर्शनाला, म्हणजे घरच्यांच्या सांत्वनाला, गेले नव्हते. ऐन निवडणुकीत समोरच्या पक्षाच्या दारात कोण जाणार!

रुक्माबाईंचे दीर सुपडूभाऊ चार माणसं घेऊन देवपुरात आले, तेव्हा दार युवराजने उघडलं. "कोनी लिखं हाई?" या प्रश्नाला त्याने "मी" एवढंच उत्तर दिलं. नाना मागे खुर्चीत बसले होते.

युवराज पोलीस भरतीत नुकताच पास झाला होता. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. एक तक्रार नोंदली गेली की चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी. वहिनीसमोर येऊन माफी मागा, मग बघू, असं सुपडूभाऊ बजावून गेले होते.

रुक्माबाईंच्या अंगणात प्रचाराची माणसं चहा पीत होती. दोघांना बघून सगळ्यांनी माना वळवल्या. रुक्माबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. भाषणांनी त्यांचा आवाज बसला होता.

"या मास्तर. बठा."

नाना बसले नाहीत. त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे, ताई. माफ करा."

"तुमनी कसानी चूक? पोरं मोठा व्हयनात का आपला हातमा ऱ्हातस का?"

"नानांना यातलं काही माहीत नव्हतं," युवराज घाईने म्हणाला.

नानांचे जोडलेले हात खाली आले, मानही खाली गेली.

रुक्माबाई युवराजकडे वळल्या. "मना सासरानीच सांगेल व्हतं, पाच दिनमा उरका, पोरीना प्रचार थांबाडू नका. त्या मानुसना नावे तू असं लिखं?" त्यांचे डोळे भरून आले. मग पदराने ते टिपत म्हणाल्या, "लिखस मात्र झकास. मास्तरना पोऱ्या दिखस."

नानांची मान आणखी खाली गेली.

सुपडूभाऊंनी मोबाइल काढला. "वहिनी, याना व्हिडिओ काढूत. बठ्ठा गावमा धाडूत."

"ठेव तो," रुक्माबाई म्हणाल्या. "त्यास्नी करं तेच आपन करानं का? माले तक्रार नही करनी. मास्तर, तुमना पोऱ्या शे, तुम्हीच शिक्षा द्या."

"कानखाले दोन लगाडा नि मिटाडा," सुपडूभाऊ म्हणाले.

नानांनी शाळेतही कधी कुणावर हात उचलला नव्हता. आताही तो उचलेना. युवराजच जवळ आला. चष्मा काढून त्याने खिशात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मारा, नाना."

नानांनी मारलं. एक, आणि मग दुसरी. दुसरीला त्यांचा स्वतःचाच तोल गेला, तेव्हा रुक्माबाईंनी पुढे होऊन त्यांना धरलं. "बस, मास्तर. व्हई गयं. फक्त तो ब्लॉग आजना आज बंद व्हवाले पाहिजे."

"होईल, ताई," युवराज म्हणाला.

त्यांनी दोघांना चहा दिला. नानांनी आपला कप तसाच खाली ठेवला.

फाटा ओलांडून गाडी हायवेला लागली. नानांनी मागून विचारलं, "फार लागलं का रे?"

"नाही."

पुढे सिग्नलला गाडी थांबली. युवराजचा गाल अजून लाल होता.

"घरी गेल्यावर आधी तो ब्लॉग बंद करा, नाना," तो म्हणाला. "मीच केला असता, पण पासवर्ड तुम्ही मला कधी सांगितलाच नाही."